शंका मोकळेपणाने बोलता येईल असे थेरपिस्ट: ट्रान्झिशनचा विचार करणाऱ्यांसाठी

ट्रान्झिशनचा, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाऐवजी आपल्याला जाणवणाऱ्या लिंगाने जगू लागण्याचा, विचार मनात घोळत असताना थेरपिस्टकडे जायचं म्हटलं की बहुतेकांच्या पोटात गोळा येतो. समोरची व्यक्ती आपली परीक्षा घेणार, आपण 'खरे' ट्रान्स आहोत की नाही हे तीच ठरवणार, आणि एखादं उत्तर चुकलं की पुढची सगळी दारं बंद होणार, असं वाटत राहतं. ही भीती उगाच नाही. कित्येक दशकं व्यवस्था खरोखर अशीच चालत होती. ती कशी होती आणि आता त्यात काय बदललं, हे आधी थोडं समजून घेऊ, कारण चांगले थेरपिस्ट ओळखण्याची खूण त्या इतिहासातच दडलेली आहे.

ही भीती कुठून आली

ट्रान्स व्यक्तींच्या उपचारांवर काम करणाऱ्या डॉक्टरांची आणि मानसतज्ज्ञांची एक आंतरराष्ट्रीय संघटना १९७९ मध्ये स्थापन झाली. आज ती वर्ल्ड प्रोफेशनल असोसिएशन फॉर ट्रान्सजेंडर हेल्थ, थोडक्यात डब्ल्यूपॅथ, या नावाने ओळखली जाते. त्याच वर्षी तिने उपचारांची पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली. १९८० मध्ये 'ट्रान्ससेक्शुअॅलिझम' हे निदान अमेरिकेतल्या मानसिक विकारांच्या अधिकृत यादीत, म्हणजे डीएसएममध्ये, आलं. पुढची अनेक वर्षं हार्मोन्स किंवा शस्त्रक्रिया हवी असेल तर वाट मानसतज्ज्ञांच्या पत्रावरूनच जायची. अगदी २०११ मध्ये आलेल्या डब्ल्यूपॅथच्या तत्त्वांच्या सातव्या आवृत्तीतही जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेआधी दोन वेगवेगळ्या तज्ज्ञांची पत्रं लागत, आणि जननेंद्रियांची पुनर्रचना करणाऱ्या म्हणजे व्हजायनोप्लास्टी (योनी घडवणं), फॅलोप्लास्टी (शिश्न घडवणं) यांसारख्या शस्त्रक्रियांसाठी आपल्या लिंगभावात, म्हणजे आपण स्वतःला स्त्री, पुरुष किंवा वेगळं काही मानतो त्या ओळखीत, सलग १२ महिने जगल्याचं दाखवावं लागे.

याचा परिणाम काय झाला असेल, याचा अंदाज सहज येतो. लोक उत्तरं पाठ करून जाऊ लागले. 'अगदी लहानपणापासून मला माहीत होतं', 'माझ्या मनात कधीच दुमत नव्हतं', 'मला माझ्या शरीराचा कायम तिटकारा होता'. ज्यांचं आयुष्य या साच्यात बसत नव्हतं, तेही हेच सांगत, कारण खरं बोलण्याची किंमत फार मोठी होती. इकडे तज्ज्ञांना दरवेळी एकाच छापाची कहाणी ऐकू यायची, त्यामुळे सगळ्या ट्रान्स व्यक्ती अशाच असतात, असा त्यांचाही समज पक्का होत गेला. या सगळ्यात शंका तेवढी घराबाहेर राहिली. जिच्याबद्दल बोलण्याची सगळ्यात जास्त गरज होती, तीच गोष्ट मदत करणाऱ्या माणसापासून लपवावी लागली.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत चित्र बरंच बदललं. २०१३ च्या डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीने ट्रान्स ओळखीला विकार म्हणणं थांबवलं. निदान उरलं ते जन्मावेळी नोंदलेलं लिंग आणि स्वतःचा लिंगभाव यांतल्या विसंगतीतून होणाऱ्या त्रासाचं, म्हणजे जेंडर डिस्फोरियाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने, म्हणजे आयसीडी-११ ने, 'लिंगभाव विसंगती' हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याशी संबंधित प्रकरणात नेला. ही आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. २०२२ मध्येच डब्ल्यूपॅथची आठवी आवृत्ती आली. प्रौढांसाठी जिथे पत्राची गरज आहे तिथे एकाच तज्ज्ञांचं पत्र पुरेसं मानावं, आणि उपचार सुरू करण्याआधी थेरपी सक्तीची करू नये, असं तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे. 'माहितीपूर्ण संमती' या पद्धतीवर चालणारी क्लिनिकंही काही देशांत आहेत. तिथे डॉक्टर उपचाराचे फायदे, धोके आणि मर्यादा समजावून सांगतात, तुम्हाला ते समजलं आहे याची खात्री करून घेतात आणि निर्णय तुमच्यावर सोडतात. आणखी एक टोक म्हणजे अर्जेंटिना: २०१२ च्या कायद्याने तिथे कागदपत्रांवरचं नाव आणि लिंग बदलायला कुठल्याही निदानाची अट ठेवलेली नाही. देशादेशांतले नियम मात्र आजही फार वेगळे आहेत आणि ते बदलतही राहतात, त्यामुळे आपण राहतो तिथे नेमकं काय लागतं, हे तिथल्या ट्रान्स संस्थेकडून आधी विचारून घ्यावं.

मग थेरपी सक्तीची नसेल, तर जायचं कशाला? माझ्या मते सर्वांनी जायलाच हवं असं मुळीच नाही. काहींचं मन स्वच्छ असतं, सोबतीला माणसं असतात, त्यांना डॉक्टर पुरतो. पण ज्यांच्या डोक्यात रात्री दोन वाजता तेच तेच प्रश्न फिरत असतात, त्यांना ते प्रश्न कुणासमोर तरी मांडायची जागा हवी असते. त्या जागेची एकच कसोटी मला महत्त्वाची वाटते: तिथे तुम्ही 'मला खात्री नाही' असं म्हणालात, तर त्या वाक्याचं पुढे काय होतं?

'सपोर्टिव्ह' थेरपिस्ट म्हणजे नेमके कसे

पाठिंबा देणारे थेरपिस्ट म्हणजे प्रत्येक गोष्टीला मान डोलावणारे, असा एक समज आहे. दुसऱ्या बाजूला, चांगले थेरपिस्ट म्हणजे कडक तपासणी करणारे, असंही काहींना वाटतं. दोन्ही समजांत निर्णय थेरपिस्टच्या हातात जातो. एक हो म्हणून तो घेतात, दुसरे नाही म्हणून. खरा आधार देणारे थेरपिस्ट ट्रान्स असणं हा आजार नाही हे गृहीत धरून सुरुवात करतात, तुमचं नाव आणि तुम्ही सांगाल तो लिंगभाव मान्य करून बोलतात, आणि ट्रान्झिशन करायचं की नाही, किती करायचं, कधी करायचं, हे तुमच्यावर ठेवतात. शेवट कुठे व्हावा, याचा आधीच ठरलेला आग्रह त्यांच्या मनात नसतो.

याच्या अगदी उलट टोकाला आहे ती कन्व्हर्जन थेरपी: व्यक्तीची लिंगभाव ओळख किंवा लैंगिक कल बदलण्यासाठी केलेले 'उपचार'. ती कधी प्रार्थनेच्या रूपात येते, कधी औषधांच्या, तर कधी साध्या गप्पांच्या. डब्ल्यूपॅथने ती देऊच नये असं सांगितलं आहे. माल्टाने २०१६ मध्ये तिच्यावर कायद्याने बंदी घातली, कॅनडातली बंदी जानेवारी २०२२ मध्ये लागू झाली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या स्वतंत्र तज्ज्ञांनी २०२० च्या अहवालात जगभर बंदीची मागणी केली. 'आपण आधी यामागचं मूळ कारण शोधू, ते सुटलं की ही भावना जाईल', असं कुणी म्हणालं, तर शब्द कितीही मऊ असले तरी गाडी त्याच दिशेने निघाली आहे असं समजावं आणि उठून यावं.

थेरपिस्ट या एका शब्दाखाली बरीच वेगवेगळी माणसं येतात, हेही लक्षात ठेवायला हवं. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअॅट्रिस्ट, हे वैद्यकीय डॉक्टर असतात आणि औषधं लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट निदान आणि थेरपी करतात. समुपदेशक आणि मानसिक आरोग्यात काम करणारे सोशल वर्कर बोलून मदत करतात. हार्मोन्स सहसा एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सचे तज्ज्ञ डॉक्टर, किंवा या कामाचा अनुभव असलेले इतर डॉक्टर देतात. तुम्हाला पत्र लागणार असेल, तर तुमच्या भागात कुणाचं पत्र ग्राह्य धरतात हे पहिल्यांदा विचारा. वर्षभर एखाद्या समुपदेशकाशी छान बोलणं व्हावं आणि शेवटी त्यांची सही चालत नाही असं कळावं, हे टाळता येण्यासारखं आहे.

शोध कुठे घ्यायचा

सगळ्यात भरवशाची माहिती इतर ट्रान्स व्यक्तींकडे असते. स्थानिक संस्था, आधार गट, ज्यांनी हा रस्ता पार केला आहे अशी ओळखीची माणसं. 'ते चांगले आहेत' एवढ्यावर थांबू नका. 'तुम्ही एखादी गोष्ट पटत नाही असं म्हणालात तेव्हा ते कसे वागले?' असं विचारा. या एका प्रश्नाला मिळणारं उत्तर दहा शिफारशींपेक्षा जास्त सांगून जातं. हार्मोन्स देणारे डॉक्टर त्यांच्या नेहमीच्या थेरपिस्टची नावं देतात. डब्ल्यूपॅथच्या सदस्यांची यादीही शोधता येते, पण सदस्यत्व म्हणजे स्वभावाची हमी नव्हे. ऑनलाइन याद्यांमध्ये तर थेरपिस्ट स्वतःच आपल्या नावापुढे विषय निवडतात. 'एलजीबीटीक्यू फ्रेंडली' या शब्दांमागे कधी वीस वर्षांचा अनुभव असतो, तर कधी नुसतीच सदिच्छा.

पहिला फोन करणं अनेकांना अवघड जातं. आवाजावरून समोरचा आपल्याला 'सर' किंवा 'मॅडम' म्हणेल, ही भीती असते. अशा वेळी लिहून पाठवलेलं बरं. संदेश लांबलचक नको. उदाहरणार्थ:

'नमस्कार. माझं वय २६ आहे. माझ्या लिंगभावाबद्दल काही वर्षांपासून मनात प्रश्न आहेत. ट्रान्झिशन करायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही आणि त्याबद्दल घाई न करता बोलायचं आहे. अशा व्यक्तींसोबत तुम्ही आधी काम केलं आहे का? ट्रान्झिशनकडे तुम्ही कसं पाहता? पुढे कधी पत्राची गरज पडली तर तुम्ही ते देता का? भेट ठरवण्याआधी दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?'

उत्तर काय येतं तितकंच ते कसं येतं, हेही पाहा. ज्या नावाने तुम्ही सही केलीत, त्याच नावाने उत्तर आलं का? प्रश्नांना थेट उत्तरं आहेत, की 'भेटीत बोलू' एवढंच आहे? अनुभव कमी असेल तर तो कमी आहे असं त्यांनी सांगितलं का? मला तर असं वाटतं की 'मी आजवर दोनच ट्रान्स व्यक्तींसोबत काम केलं आहे, पण या विषयातल्या अनुभवी सहकाऱ्यांचं मार्गदर्शन घेते', असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्या थेरपिस्ट, मनात ठाम साचा घेऊन बसलेल्या 'तज्ज्ञां'पेक्षा कितीतरी बऱ्या. एक अट मात्र आहे: त्यांनी आपलं शिक्षण तुमच्या वेळेत आणि तुमच्या पैशांनी करू नये. ट्रान्स म्हणजे काय, हे समजावण्यात तुमची तीन सत्रं जात असतील, तर तिथे तुम्ही शिक्षक झाला आहात.

पहिली भेट: तुम्हीही त्यांना पारखत असता

मराठीत बोलायचं तर पहिल्याच वाक्यात लिंग येऊन उभं राहतं. 'कशी आहेस', 'कधी आलास', 'काय म्हणालीस'. क्रियापदाचं रूप निवडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. म्हणून 'तुमच्याशी बोलताना मी कोणती रूपं वापरू?' असं थेरपिस्टने आपणहून विचारलं, तर त्यांनी या कामाचा विचार केला आहे असं समजायला हरकत नाही. ठरलेलं नसेल तर 'सध्या तुम्ही-आम्हीवर चालवू या' असंही सांगता येतं. एखाद वेळी चूक होईल. चूक झाल्यावर ते काय करतात ते बघा. 'माफ करा, आलीस' असं म्हणून पुढे जाणारे चांगले. पाच मिनिटं अपराधीपणा व्यक्त करत बसणारे तुमच्यावरच त्यांची समजूत काढायचं काम टाकतात.

पहिल्या भेटीत एक प्रश्न जरूर विचारावा: 'तुमची भूमिका माझ्या थेरपिस्टची आहे, की मूल्यमापन करणाऱ्या तज्ज्ञाची, की दोन्ही?' कारण जी व्यक्ती पत्र देणार आहे, तिच्यासमोर मनातली धाकधूक सांगताना जीभ अडते, आणि ते अगदी स्वाभाविक आहे. शक्य असेल तर ही दोन कामं दोन वेगळ्या व्यक्तींकडे ठेवावीत. एकाच व्यक्तीकडे ठेवावी लागली, तर 'मी शंका बोलून दाखवली तर तिचा पत्रावर काय परिणाम होईल?' हे सरळ विचारून टाकावं. शंका असणं आणि निर्णय घेण्याची क्षमता नसणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हा फरक ज्यांना ठाऊक आहे, ते थेरपिस्ट या प्रश्नाने गडबडत नाहीत.

गोपनीयतेबद्दलही तेव्हाच बोलून घ्या. नोंदींमध्ये कोणतं नाव लिहिलं जाईल, त्या कोण पाहू शकतं, विम्याच्या कागदांवर काय जाईल, घरी फोन किंवा पत्र आलं तर कुणाच्या नावाने येईल. जिवाला तातडीचा धोका असेल किंवा लहान मुलाचा छळ होत असेल, अशा काही प्रसंगी बहुतेक ठिकाणी गोपनीयतेला अपवाद असतो. तो अपवाद नेमका कुठे सुरू होतो, हे आधीच माहीत असलं की उरलेलं मोकळेपणाने बोलता येतं. घरच्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून व्हिडिओवर सत्र घेणार असाल, तर हेडफोन, बंद दार, आणि कुणी खोलीत आलंच तर विषय बदलण्यासाठी आधी ठरवलेला एखादा शब्द, एवढी तयारी करून ठेवा. दुसऱ्या राज्यातले किंवा देशातले थेरपिस्ट असतील, तर त्यांचा परवाना तुमच्याकडे चालतो का, हेही पाहावं लागतं.

आता त्या कसोटीकडे येऊ. समजा, चौथ्या-पाचव्या सत्रात तुम्ही म्हणालात: 'गेल्या आठवड्यापर्यंत मी ठाम होते. आज सकाळी आरशासमोर उभी राहिले आणि काहीच वाटलं नाही. म्हणजे हे सगळं मी मनाचंच रचलं का?'

एक थेरपिस्ट लगेच म्हणतील, 'मला हेच वाटत होतं. आपण हा विषय काही महिने बाजूला ठेवू.' दुसरे म्हणतील, 'सगळ्यांना असं होतं, त्यात काही अर्थ नाही, तुम्ही डॉक्टरांची तारीख घ्या.' दोघांनीही तुमचं वाक्य ऐकलं आणि लगेच मिटवून टाकलं. तिसरे थोडं थांबतील आणि विचारतील, 'काहीच वाटलं नाही म्हणजे कसं? सुन्न होतं, की निवांत होतं? काल काय काय झालं होतं?' मग कदाचित बोलता बोलता निघेल की आदल्या रात्री बहिणीशी भांडण झालं होतं आणि तुम्ही दिवसभर काहीच वाटून घेण्याच्या अवस्थेत नव्हता. किंवा असंही निघेल की नवीन नावाने हाक मारणारी एक मैत्रीण भेटल्यापासून आरशाचा त्रासच कमी झाला आहे, आणि म्हणून शरीरात किती बदल हवा, याचा तुम्हाला नव्याने विचार करायचा आहे. ही दोन उत्तरं अगदी वेगळ्या दिशांना नेतात. कुठलं खरं, हे तिसऱ्या थेरपिस्टना आधी ठाऊक नव्हतं आणि त्यांनी तसं भासवलंही नाही. तेच थेरपिस्ट तुमच्या कामाचे.

मग सत्रांमध्ये होतं काय

गुंता सोडवताना आधी धागे वेगळे करावे लागतात. शरीराच्या एखाद्या भागाचा त्रास, लोक ज्या नजरेने बघतात त्याचा त्रास, नावाचा त्रास, आईवडिलांना काय वाटेल याची धास्ती, नोकरीची चिंता, एकटेपणा, जुनं दुःख: हे सगळं एकाच वेळी अंगावर येतं तेव्हा 'मला काय हवं आहे' हा प्रश्नच ऐकू येईनासा होतो. एकटं असताना, कुणीही पाहत नसताना काय वाटतं? कुठल्या क्षणी बरं वाटलं? काय नको आहे, याबरोबरच काय केल्यावर हलकं वाटतं, याकडेही चांगले थेरपिस्ट लक्ष देतात. पुष्कळ जणांना ठळक तिटकारा असा कधी जाणवतच नाही, पण योग्य नावाने हाक आली की आतून काहीतरी जागेवर बसल्यासारखं वाटतं. तीही माहितीच आहे.

ट्रान्झिशन म्हणजे एकच मोठी उडी, असं मानलं की भीती वाढते. प्रत्यक्षात त्यात अनेक सुट्या पायऱ्या आहेत आणि त्या सगळ्या चढायलाच हव्यात असं नाही. एका विश्वासू व्यक्तीसोबत नवीन नाव वापरून पाहणं, केस, कपडे, आवाजाचा सराव: यातलं सगळं मागे घेता येतं. हार्मोन्समधले काही बदल औषध थांबवल्यावर बऱ्यापैकी मागे फिरतात, काही फिरत नाहीत. टेस्टोस्टेरॉनने जाड झालेला आवाज पुन्हा बारीक होत नाही. इस्ट्रोजेनने आलेली स्तनांची वाढ औषध सोडल्यावर आपोआप जात नाही, आणि इस्ट्रोजेनने आवाज बदलतही नाही. दोन्हींचा प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून शुक्राणू किंवा बीजांडं साठवून ठेवायची का, याचा विचार आधी करावा लागतो. मूल हवं की नको, हे २२ व्या वर्षी कुणाला विचारलं तर उत्तर अवघडच असतं. अशा ठिकाणी थेरपिस्टची खरी मदत होते: वैद्यकीय माहिती डॉक्टरांकडून घ्यायची आणि तिचा आपल्या आयुष्याशी मेळ इथे बसून घालायचा.

स्त्री किंवा पुरुष या दोन्हींत न बसणाऱ्या, म्हणजे नॉन-बायनरी व्यक्तींनी थेरपिस्टना हे आवर्जून विचारावं, की फक्त काही बदल हवे असलेल्या लोकांसोबत त्यांनी काम केलं आहे का. डब्ल्यूपॅथच्या आठव्या आवृत्तीत नॉन-बायनरी व्यक्तींसाठी पहिल्यांदाच स्वतंत्र प्रकरण आलं. अजूनही काही थेरपिस्टच्या मनात 'इकडून तिकडे' असा एकच प्रवास असतो.

नैराश्य, चिंता, जुने आघात हेही सोबत असू शकतात. ट्रान्स व्यक्तींमध्ये यांचं प्रमाण जास्त दिसतं आणि त्यामागे नकार, टोमणे, हिंसा, सतत लपून राहण्याचा ताण यांचा मोठा वाटा आहे. संशोधक याला अल्पसंख्याकांचा ताण म्हणतात. इलान मायर यांनी २००३ मध्ये ही मांडणी समलिंगी आणि उभयलैंगिक लोकांबद्दल केली, पुढे ती ट्रान्स व्यक्तींनाही लावली गेली. इथे दोन चुका होतात. एक म्हणजे 'आधी नैराश्य पूर्ण बरं होऊ दे, मग जेंडरचं बघू'. काहींचं नैराश्य त्या प्रश्नालाच चिकटलेलं असतं. एक अडवून दुसरं सुटत नाही. दुसरी चूक म्हणजे सगळ्याच गोष्टींचं खापर ट्रान्स असण्यावर फोडणं. झोप लागत नाही? जेंडरमुळे. ऑफिसात भांडण झालं? जेंडरमुळे. चांगले थेरपिस्ट झोपेच्या तक्रारीला झोपेची तक्रार म्हणून ऐकतात. ऑटिझमबद्दलही हेच. २०२० मध्ये सहा लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासणाऱ्या एका अभ्यासात ट्रान्स आणि इतर लिंगवैविध्य असलेल्या व्यक्तींमध्ये ऑटिझमचं प्रमाण ३ ते ६ पट आढळलं. ऑटिस्टिक असल्यामुळे कुणाच्या लिंगभावाची जाण खोटी ठरत नाही. थेरपिस्टने प्रश्न विचारण्याची पद्धत, वेग, खोलीतला उजेड आणि आवाज मात्र त्या व्यक्तीला सोयीचे ठेवायला हवेत.

जीव देण्याचे विचार येत असतील, तर जेंडरचा अनुभव असलेल्या थेरपिस्टची वाट पाहत थांबू नका. जवळचं रुग्णालय, हेल्पलाइन, विश्वासातलं माणूस, जे आधी मिळेल ते. आज जिवंत आणि सुरक्षित राहण्यासाठी कुणालाही जेंडर कळण्याची गरज नाही.

अठरा वर्षांखालच्यांसाठी नियम जास्त कडक आहेत आणि अनेक देशांत सध्या ते झपाट्याने बदलत आहेत. पालकांचा सहभाग बहुधा लागतोच. पालकांना एवढंच सांगावंसं वाटतं: थेरपिस्ट निवडताना मुलालाही पहिल्या फोनपासून सोबत घ्या, आणि मुलाला थेरपिस्टशी एकट्याने बोलायला वेळ मिळेल याची खात्री करा.

नाही जमलं तर

१९७९ मध्ये एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञांनी थेरपीतल्या नात्याचे तीन भाग सांगितले: कुठे पोहोचायचं आहे यावर दोघांचं एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि आपसातला विश्वास. तीन-चार सत्रांनंतर हे तीन प्रश्न स्वतःला विचारून पाहावेत. सत्रानंतर थकवा येणं किंवा रडू येणं हे वाईट लक्षण नाही. पण सत्राच्या आदल्या रात्री आपण काय लपवायचं याची तयारी करत असू, तर मात्र विचार करावा. कारण नसताना तुमच्या शरीराबद्दल किंवा लैंगिक संबंधांबद्दल खोदून विचारणं, 'तुमच्याकडे बघून कळतच नाही' अशी 'शाबासकी' देणं, परवानगीशिवाय घरच्यांशी बोलणं, किंवा तुमच्या वतीने ट्रान्झिशनचं वेळापत्रक आखणं, यातलं काहीही दिसलं तर तिथली थेरपी थांबवायला हरकत नाही. घरच्यांशी बोलल्याचं कळलं, तर मी दुसरी संधीही देणार नाही. बाकी बाबतीत, जमत असेल तर एकदा बोलून पाहावं: 'मागच्या वेळी तुम्ही जे म्हणालात, त्यानंतर मला इथे मोकळं बोलता येत नाहीये.' यावर तुमचे थेरपिस्ट बचावात गेले तर तुम्हाला उत्तर मिळालं. त्यांनी ऐकून घेतलं तर नातं आधीपेक्षा घट्ट होतं.

ज्यांच्या भागात असे थेरपिस्टच नाहीत, त्यांनी कामाची विभागणी करून पाहावी. मोकळेपणाने ऐकणारे एखादे साधे समुपदेशक मन हलकं करायला, ट्रान्स व्यक्तींचा आधार गट अनुभवाच्या गोष्टींसाठी, आणि पत्र लागलंच तर त्यापुरतं एक-दोन सत्रांचं मूल्यमापन दूरच्या तज्ज्ञांकडून. पत्र हाती देण्याआधी वाचायला मागा. त्यात नाव, जन्मतारीख, कोणत्या उपचारासाठी ते आहे, आणि तुम्हाला त्याचे परिणाम समजले आहेत याचा उल्लेख बरोबर आहे का, हे तपासा. नावातल्या एका अक्षराच्या चुकीमुळे विमा किंवा रुग्णालय पत्र परत पाठवू शकतं.

थेरपिस्ट बदलायचे ठरले, तर लांबलचक कारणं देण्याचं बंधन तुमच्यावर नाही. 'मी सत्रं थांबवतोय, माझ्या नोंदींची प्रत हवी आहे' एवढं लिहून पाठवलं तरी चालतं. नोंदी मिळतात तेव्हा त्या एकदा वाचून घ्या. नव्या थेरपिस्टना सगळी फाइल द्यायची की नुसता सारांश, हे तुम्ही ठरवा. आणि त्यांच्या पहिल्या भेटीत आधीच्या ठिकाणी कोणती गोष्ट बोलता आली नव्हती, ती सांगून सुरुवात करा.